बिऱ्हाड घोड्यावर

संगणक बिघडला की आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांना सगळ्यात आधी भुईमुगाच्या शेंगा लागायच्या. स्क्रू-ड्रायव्हर, पेन ड्राइव्ह वगैरे पुढची गोष्ट. पुष्कळदा त्यांची पाळी यायचीच नाही. सरांच्या खांद्याला एक खाकी झोळी असायची आणि तिच्यात भाजलेल्या शेंगा. बिघडलेल्या मशीनपाशी जो कोणी सगळ्यात घाईला आलेला असेल, त्याच्या ओंजळीत ते मूठभर शेंगा ओतायचे आणि म्हणायचे, सोला. शेंगा सोलायला दोन हात लागतात. दोन्ही हात गुंतले की माणसाला बटणं बडवता येत नाहीत. एवढंच त्यामागचं शास्त्र होतं.

त्या शेंगा सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला आल्या. मी वाईची. तोंडाने फटकळ आणि हाताला घाई. माधवनगरच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हाही तशीच होते आणि आजही फार फरक पडलाय असं घरचे म्हणत नाहीत. एखादं बटण एकदा दाबून काम होत नसेल तर ते दहादा दाबावं, या मताची मी. आणि सर असे, की रस्ता ओलांडायचा तर आधी कडेला उभं राहून रस्त्याचा स्वभाव बघणार. मधल्या सुट्टीत आमचे डबे धुऊन व्हायचे तेव्हा सरांची पहिली भाकरी संपत आलेली असायची.

ती भाकरीही उभ्यानेच. सर बसायचे नाहीत. भूगोलाच्या बाईंची नकाशा दाखवायची लांब काठी त्यांनी कधीतरी मागून आणली होती आणि परत दिलीच नव्हती. ती बगलेत टेकवायची, एक पाय दुमडून दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला लावायचा आणि तसंच एका पायावर उभं राहायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पाय मुरगळलाय, आणि तसं मी विचारलंही. ते म्हणाले, बसलेल्या माणसाला लांबचं दिसत नाही. आता त्या खोलीत लांबचं म्हणजे समोरची भिंत. पण सरांचं घराणं आटपाडीकडचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेलं. वडील आणि भाऊ अजून कळप राखत होते. हे एकटेच शाळेत टिकले, संगणक शिकले आणि नोकरीला माधवनगरला आले. येताना उभं राहायची रीत तेवढी बरोबर घेऊन आले.

त्यांच्या दोन भाषा होत्या. वर्गात फळ्यासमोर अगदी पुस्तकातली मराठी. मशीन अडलं की घरची बोली. मुलांना "संगणकाचे प्रमुख भाग कोणते ते सांगा पाहू" म्हणणारा माणूस पुढच्याच क्षणाला बंद पडलेल्या मशीनला "का रं गड्या, काय झालं?" असं विचारायचा. बिघडलेलं मशीन त्यांच्या लेखी बिघडलेलं नसायचंच, बुजलेलं असायचं. ते सुरू झालं की सर म्हणायचे, "आलं." आणि मशीनं ते कधी मोजायचे नाहीत. मेंढरं मोजली की कमी होतात, अशी त्यांच्या घरची समजूत. एकदा संस्थेचे साहेब सामानाची तपासणी करायला आले आणि मशीनं किती म्हणून त्यांनी विचारलं. सरांनी दारातूनच खोलीवर नजर फिरवली आणि सांगितलं, "हायत सगळी." साहेबांनी मग बोट नाचवत स्वतः मोजली, तेवढा वेळ सर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

अपडेटचं दुखणं काय असतं हे ज्याच्या घरी संगणक आहे त्याला सांगायला नको. आपण काहीतरी महत्त्वाचं करायला बसावं आणि पडद्यावर ते ठिपके गोल गोल फिरायला लागावेत. टक्के चढतात, मध्येच थांबतात. मशीन आपल्या मनाने बंद होतं, आपल्या मनाने चालू होतं. अखेर झालं म्हणावं तर आवाज गेलेला असतो, नाहीतर कालपर्यंतच्या खुणा भलतीकडेच गेलेल्या असतात. अशा वेळी माझा हात शिवशिवायला लागला की सर झोळीत हात घालायचे.

"बिऱ्हाड घोड्यावर हाय, बाई. बिऱ्हाड घोड्यावर असताना चूल कुठं हाय म्हनून इचारायचं न्हाई."

दिवाळी झाली की त्यांच्याकडची माणसं कळप घेऊन ओल्या मुलखाकडे निघतात. तेव्हा सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, एखादं चालता न येणारं पोर. वाटेत कुणी चूल मागितली तर सगळं उतरवावं लागतं. मग ना मागचा मुक्काम राहतो ना पुढचा गाठता येतो. मुक्कामाला पोचलं की चूल आपसूक सापडते. हे सगळं सरांनी मला एका अपडेटच्या पन्नास टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत सांगितलं होतं. मी तेवढ्यात त्यांच्या निम्म्या शेंगा संपवल्या.

सरांना संगणकातलं सगळं कळत होतं असं मात्र मी म्हणणार नाही. पुष्कळदा ते मोबाइलवर बघून बघून करायचे, दोनदा चुकायचे आणि तिसऱ्यांदा जमायचं. त्यांच्या थांबण्यालाही कधी कधी अर्थ नसायचा. एका अपडेटनंतर ऑफिसातला प्रिंटर गप्प झाला. सर म्हणाले, नव्या जागेला बुजलाय, हात लावू नका. आम्ही आठवडाभर हात लावला नाही. रोज सकाळी सर त्याच्यापुढे एका पायावर उभे राहायचे आणि मान हलवून जायचे. शेवटी सांगलीहून मेकॅनिक बोलावला. त्याने टेबलाखाली वाकून झाडूच्या धक्क्याने निसटलेली वायर पुन्हा खोचली आणि प्रिंटर लागला कागद ओकायला. त्या दिवशी मी सरांना इतकं पिडलं की दुसरा असता तर महिनाभर बोलला नसता. सर स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसत होते. म्हणाले, "ते बुजल्यालं न्हवतंच, बाई. तहानल्यालं व्हतं. आमी आठ दिस त्येच्याकडं नुसतं बगत बसलो."

वाईला माझी आई एकटीच असते. भाऊ बंगळुरूला. आईने सत्तरीत संगणक शिकून घेतला तो नातीला डोळ्यांनी बघता यावं म्हणून. एकदा तिचा फोन आला. म्हणाली, कुणीतरी माझा संगणक बदलून नेलाय. अपडेटने पडद्यावरच्या खुणा हलवल्या होत्या. मी माधवनगरहून फोनवर सांगायला लागले, डावीकडे बघ, खाली बघ, निळं चिन्ह दिसतंय का. तिला दिसेना. माझा आवाज चढला आणि आईने शांतपणे फोन ठेवून दिला. नंतर कळलं की तिने त्या संगणकावर भरतकामाचा रुमाल घालून ठेवलाय आणि नातीशी बोलणं बंद आहे.

नेमकं तेव्हाच सरांच्या भावाचा कळप वाईच्या पलीकडे एका शेतात बसवलेला होता. मेंढरं रानात बसवली की खत होतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेतात. सर भावाला भेटायला येणार होते. मी म्हटलं, रविवारी मीही घरी आहे, तुम्ही या. ते आले. बैठकीच्या खोलीत खुर्ची सोडून भिंतीशी उभे राहिले. आईला वाटलं लाजताहेत. संगणकाचं त्यांनी काही विचारलंच नाही. रुमाल उचलला, मशीन चालू केलं आणि एवढंच म्हणाले, "आवं आई, सकाळी ह्याच्यात आधी कुठं जाता तुमी?"

आईने पडद्याच्या एका रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे. इथे आमची नात होती."

सरांनी ते चिन्ह दुसरीकडून शोधून आणून त्या कोपऱ्यात ठेवलं. मग, त्यानंतर कुठं जाता? आईने बोट ठेवलं, तिथे देवळातल्या उत्सवाचे फोटो आले. असं करत करत आईचं बोट जिथे जिथे गेलं तिथे तिथे सरांनी एकेक चिन्ह आणून बसवलं. कचऱ्याचा डबा नव्याने अगदी वर येऊन बसला होता, तो आईने मागच्या दाराशी, म्हणजे उजवीकडे खाली, ठेवून घेतला. मग तिने स्वतःच्या हाताने नातीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. तिथे मला पोरीचा आवाज ऐकू आला आणि आधण उतू गेलं.

परत जाताना स्टँडच्या वाटेवर मी म्हटलं, चिन्हांची नावं शिकवली असतीत तर पुढच्या वेळी अडलं नसतं. सर म्हणाले, "मेंढराला पान्याची जागा ठावी आसती, बाई. गावाचं नाव न्हाई." मग इकडेतिकडे बघून त्यांनी मला बजावलं की हे आईंना सांगू नका. मी अर्थातच संध्याकाळी सांगितलं. आई खूश झाली. अजूनही सरांची चौकशी केल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.

आता मेन स्विचची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

आमच्या शाळेत साफसफाईला एक मावशी होत्या. रोजंदारीवर. माधवनगरच्या बऱ्याच घरांसारखं त्यांचं घरही गिरणीवर चाललेलं. गिरणी बंद पडली, नवरा (मावशी त्याला मालक म्हणायच्या) छातीच्या दुखण्याने घरी बसला आणि चूल मावशींच्या पगारावर आली. शाळा सुटली की मावशी खोल्या झाडायच्या, खिडक्या लावायच्या आणि शेवटी जिन्याखालच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढायच्या. याला आमच्याकडे मेन पाडणं म्हणतात. माधवनगरात माणसं दोन दिवस लग्नाला निघाली तरी रिक्षातून शेजाऱ्याला ओरडून विचारतात, मेन पाडला का बघा. मावशींनी एवढ्या वर्षांत एकदाही मेन पाडायचा चुकवला नव्हता.

त्या दिवशी सर रजेवर होते. भावाच्या पोराचं जावळ होतं. शेवटच्या तासाला मुलांनी संगणक बंद केले, ते नेमके अपडेट घेत बंद व्हायला लागले, आणि घंटा झाली तशी मुलं पळाली. सगळ्या पडद्यांवर इंग्रजीत सूचना होती की काम चालू आहे, मशीन बंद करू नका. मावशी झाडू घेऊन आल्या. खोलीत माणूस नाही आणि पडदे मात्र उजळलेले. मावशींनी पोरांच्या नावाने दोन शब्द काढले, खोली झाडली आणि नेहमीप्रमाणे जाऊन मेन पाडला. वीज गेली तर संगणकांना आधार द्यायच्या बॅटऱ्या जुन्याच होत्या आणि कधीच्याच मेलेल्या होत्या.

सकाळी खोली उघडली तर काही मशीनं नुसती काळी. काहींच्या पडद्यावर दुरुस्तीचा प्रयत्न चालू आहे असं यायचं, मग मशीन बंद पडायचं, मग पुन्हा तेच. हेडसरांनी त्या मशीनांसाठी संस्थेकडे तीन वर्षं खेटे घातले होते आणि ती त्याच जूनमध्ये आली होती. हेडसर मूळचे रहिमतपूरचे, शेतकऱ्याच्या घरातले. मनाने माणूस वाईट नव्हता, पण चिडला की समोर कोण आहे हे त्यांना दिसायचं नाही. या मशीनवरून त्या मशीनवर जाऊन बटणं दाबत होते. कुणी मेन पाडला हे कळायला वेळ लागला नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून ते मला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत ही सुरू झाली नाहीत, तर मावशींना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगा."

मावशी दारातच होत्या. त्यांनी हातातला झाडू फक्त भिंतीला टेकवला. मला इतका संताप आला की मी हेडसरांशी भांडायला पुढे सरकले.

तेवढ्यात सर आले. एसटीतून उतरून थेट, कपाळावर जावळातला भंडारा तसाच पिवळाधमक. हेडसरांनी सगळं सांगितलं, मावशींकडे बोट दाखवून सांगितलं. सर म्हणाले, ते मागनं. त्यांनी काठी घेतली, खोलीवरून नजर फिरवली, आणि मशीनांकडे न जाता मावशींकडे गेले. मेन कुठाय म्हणून विचारलं. मग एक स्टूल उचलून जिन्याखाली नेऊन ठेवलं आणि मावशींना म्हणाले, "हितं बसा. सांजपातुर कोन बी येऊ द्या, हेडसर येऊ द्यात, मेनला हात लावू द्यायचा न्हाई. तुमच्यावर हाय."

हेडसर मागेच आले होते. म्हणाले, ज्यांनी पाडला त्यांनाच राखणीला बसवताय?

सर वळले. "ज्याच्या हातनं वाडग्याचं दार उघडं ऱ्हायलं, त्यालाच दाराशी झोपवायचं, सर. त्यो जन्मात परत इसरत न्हाई. दुसऱ्याला बशिवला तर त्येला झोप लागती." वाडगं म्हणजे रात्री मेंढरं कोंडायचं कुंपण. मावशी स्टुलावर बसल्या, पाठ ताठ, डोक्यावर मेनचा दांडा.

मग सरांनी हेडसरांचा बंदोबस्त केला. एका मशीनपुढे खुर्ची ओढली आणि अगदी अदबीने म्हणाले की तुम्ही इथे बसा आणि टक्के मोठ्याने वाचा, मला इथून दिसत नाहीत. हेडसर बसले. आता, सरांना दिसत नाही हे ऐकून मी ओठ चावला. शाळेच्या फाटकातून सांगली रस्त्यावरच्या एसटीची पाटी वाचणारा हा माणूस. हेडसरांच्या ओंजळीत शेंगा पडल्या. माझ्याही पडल्या.

"बारा टक्के," हेडसर म्हणाले. पडद्यावर लिहून आलं होतं की केलेले बदल मागे घेत आहोत. थोड्या वेळाने, "बारा टक्के." मग पुन्हा, "बाराच." सर पलीकडे एका पायावर उभे. मध्येच जाऊन एखाद्या काळ्या मशीनला पेन ड्राइव्ह लावायचे, काहीतरी सुरू करून द्यायचे आणि परत येऊन उभे राहायचे. हेडसर शेंग सोलायचे, टक्का वाचायचे. पंधरा. सतरा. चिडलेल्या माणसाला चिडायला थोडी गती लागते. एकेक टक्का मोठ्याने वाचणाऱ्या माणसाला ती मिळत नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. तिशीच्या आसपास हेडसर आपण होऊन बोलायला लागले. त्यांचे वडील पाटाच्या पाण्याची पाळी यायची वाट बघत बांधावर कसे बसून राहायचे आणि लहानपणी त्यांना वडिलांची भाकरी घेऊन कसं जावं लागायचं. पाणी आलं नाही तर वडील काय करायचे, असं मी विचारलं. हेडसर म्हणाले, काही नाही, बसायचे. आणि स्वतःशीच हसले.

साठ टक्के झाले तेव्हा त्यांनी खुर्चीतूनच हाक मारली. जिना समोरच होता. "मावशी, पण रोज मेन पाडायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

मावशी स्टुलावरून उठल्या नाहीत. मेन सोडायचा नव्हता ना. तिथूनच बोलल्या. "कुनी न्हाई, सर. आमच्या मालकांनी शिकवलंया. गिरनीत कापसाची कूस, बारीक तंतू, उडायची सगळीकडं. एक ठिनगी पडली की समदं पेटतंय. म्हनून शेवटच्या मानसानं मेन पाडल्याबिगार भायेर पडायचं न्हाई, असं व्हतं. गिरनी ग्येली, सवय ऱ्हायली. हितं तर लेकरं असत्यात. मेन पाडल्याबिगार माझा पायच निघत न्हाई."

हेडसर बराच वेळ टक्का वाचायचे विसरले. सर म्हणाले, "किती झालं, सर?"

"एकाहत्तर," हेडसर म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "पडद्यावर लिहिलेलं होतं बंद करू नका म्हणून. पण इंग्रजीत होतं म्हणा."

एकेक मशीन परत येत गेलं. दर वेळी सर म्हणायचे, "आलं," आणि मावशी स्टुलावरून मान लांब करून बघायच्या. उन्हं कलली तेव्हा एक सोडून सगळी आली होती. त्या एकावर सरांनी दोन तास घालवले, तीन तऱ्हा करून बघितल्या. मग त्यांनी खोलीवर नजर फिरवली आणि काही न लपवता सांगितलं, "एक न्हाई आलं, सर. ते ग्येलं." ही सुरू झाली नाहीत तर, असं हेडसर सकाळी म्हणाले होते, आणि एक झालं नव्हतं.

हेडसर उठले. त्यांच्या खुर्चीभोवती टरफलांचा हा ढीग. शाळा, शेंगा आणि टरफलं म्हटलं की पुढचं काय ते प्रत्येक मराठी माणसाला बालपणापासून पाठ असतं. एरवी त्यांनी मावशींना हाक मारली असती. त्या दिवशी ते खाली वाकले, दोन्ही हातांनी टरफलं गोळा केली आणि स्वतः जाऊन टोपलीत टाकून आले. मला सर तेव्हा फार आवडले, हे सरळच सांगते. आणि हेडसरही आवडले.

सोमवारी मावशी नेहमीच्या वेळेला आल्या. पण आत न येता फाटकापाशीच उभ्या राहिल्या. हेडसर स्कूटर लावत होते. म्हणाले, "मावशी, आज चहा जरा लवकर टाका." मावशी आत आल्या आणि तो विषय तिथेच संपला. न आलेलं मशीन कोपऱ्यात तसंच ठेवलंय. मावशी ते बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पुसतात.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मावशींची एक फेरी वाढली. संगणकाच्या खोलीत जायचं, प्रत्येक पडद्यापुढे वाकायचं, आणि रिकाम्या खोलीला मोठ्याने विचारायचं, "घोड्यावर कोन हाय का?" कुठे ठिपके फिरताना दिसले तर मावशी बसून राहायच्या. घरी जायला उशीर झाला तरी बसून राहायच्या. नव्या आलेल्या एका शिक्षिकेने पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा ती घाबरून माझ्याकडे आली होती.

पुढे सरांचे वडील थकले आणि कळपामागे भाऊ एकटा पडला. संस्थेची एक शाळा त्यांच्या गावापासून जवळ होती. तिथे सरांनी बदली मागून घेतली. ते खुशीत होते. म्हणाले, रविवारी तरी मेंढरांत जाता येईल. निरोप समारंभात सगळे बसले, सर उभे. शाल, नारळ झाला. सरांनी नकाशाची काठी भूगोलाच्या बाईंपुढे धरली, पण बाईंनी ती घेतली नाही. म्हणाल्या, इतक्या वर्षांत मी हाताने दाखवायला शिकले. दुपारी चारला फाटकाशी टेम्पो आला. गाद्या, भांडी, कपाट, सरांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, मांडीवर तुळशीची कुंडी. सरांनी उरलेल्या शेंगांची पुरचुंडी मावशींच्या हातात दिली आणि टेम्पो निघाला.

शाळा सुटली. मला करमेना म्हणून मी थोडी रेंगाळले. वह्या आवरल्या, निघाले, तर जिन्याखाली मावशी स्टुलावर बसलेल्या. मेनचा दांडा वरच. मी संगणकाच्या खोलीत डोकावून आले. एकही मशीन चालू नव्हतं. मी म्हटलं, मावशी, सगळं बंद आहे की. पाडा मेन आणि चला, मलाही तिकडेच जायचंय.

मावशींनी मान हलवली. "सरांचं बिऱ्हाड घोड्यावर हाय अजून, बाई. पोचल्याचा फोन येऊ द्या, मग पाडते."

मी हसणार होते. पण हसू आलं नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि मावशींनी पुरचुंडी सोडून माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या. आम्ही दोघी सोलत बसलो. बाहेर संध्याकाळ झाली, समोरच्या दुकानाचे दिवे लागले. मी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

मावशींचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं आणि विचारलं, "सगळं पोचलं? कुंडी बी?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आलं."

आम्ही टरफलं उचलली. मावशींनी संगणकाच्या खोलीला कुलूप लावलं आणि मेन पाडला.